भाड्याचे साक्षीदार

दोन वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहून पुरी केली. ती अजून छापून आलेली नाही. तेव्हा येथे तिची जाहिरात करतो आहे असा आळ माझ्यावर येऊ नये. विषय १९९३ च्या भूकंपाचा. सास्तूरच्या बाजूचा एक मुलगा, त्या वेळी आठ वर्षांचा आणि आता पुण्यात नोकरी करणारा, आपली हकीकत आपणच सांगतो, अशी तिची मांडणी. हस्तलिखित एका जाणत्या स्नेह्यांकडे वाचावयास दिले. महिन्याने ते परत आले. समासात पेन्सिलीने तेरा ठिकाणी एकच शेरा होता : ‘कन्व्हिन्सिंग नाही.’

मी मॅट्रिकपुढे गेलेलो नाही. चित्रकलेचा मास्तर आहे. समासात इंग्रजी शब्द दिसला की परीक्षेचा पेपर परत हाती पडल्यासारखे अजूनही पोटात होते. वाद न घालता मी त्या तेरा जागा दुरुस्त करावयास बसलो. दुरुस्ती कसली, तर नायकाच्या बोलण्यात थोडे वजन घालावयाचे. ‘भिंत पडली’ असे होते, तेथे ‘लिटरली माझ्या डोळ्यांसमोर भिंत पडली’ असे केले. ‘मला काही ऐकू येत नव्हते’ याच्या आधी ‘ऑनेस्टली सांगतो’ घातले. एके ठिकाणी ‘टू बी फ्रँक’, दुसरीकडे ‘ट्रस्ट मी’, आणि ‘ॲक्च्युअली’ तर जेथे जागा सापडेल तेथे. पुण्यात राहणारा तरुण आहे, असाच बोलणार, अशी मी मनाची समजूत घातली. हस्तलिखित पुन्हा पाठवले. या वेळी समास जवळजवळ कोरा आला.

गेल्या दिवाळीत माझ्या मावससासूबाई आमच्याकडे होत्या. त्या त्याच भागातल्या. त्या रात्री त्यांचे घर, सासू आणि एक मूल गेले. चकल्यांचा घाणा आटोपल्यावर त्या ओसरीवर टेकल्या, तेव्हा मी त्यांना भूकंपाचे प्रकरण वाचून दाखवले. धाडसच होते ते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले,

‘मास्तर, ह्यो पोरगा तिथं व्हता का?’

‘होता की, मावशी. तोच तर सांगतोय.’

‘मग सारख्या आना कशापायी खायलाय?’

मी त्यांना समजावून सांगितले की, लिटरली म्हणजे आण नव्हे, लिटरली म्हणजे अक्षरशः, अगदी खरोखर. त्यावर मावशी म्हणाल्या, ‘मंजी बाकीचं समदं खोटं सांगूलालता व्हय?’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. समासातल्या तेरा शेऱ्यांपेक्षा हा एक शेरा मला फार दिवस पुरला, आणि हा लेख त्याच शेऱ्यातून निघाला आहे.

मग मावशींनी आपली हकीकत सांगितली. ती मी पूर्वीही ऐकली होती. पण या वेळी चित्रकलेचा मास्तर वस्तुचित्राकडे पाहतो तसे तिच्याकडे पाहत होतो. ‘गनपती बुडवून आलतो. झोपलो. मग घर खाली आलं. सासू म्हनली, दार उघड. दार कुठं व्हतं?’ एवढेच. ३० सप्टेंबरची पहाट, चारला चार मिनिटे कमी. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे भारी माळवद. झोपेत सुमारे दहा हजार माणसे गेली, हे सारे पुस्तकांत आहे. मावशींच्या पाच वाक्यांत एकही विशेषण नाही, एकही ‘खरोखर’ नाही. आणि तरीही ‘दार कुठं व्हतं?’ हे ऐकल्यावर ही बाई तेथे होती की नव्हती, असा प्रश्न विचारण्याची माझी छाती नाही.

पुढे शेजारच्या गल्लीतली गोष्ट निघाली, तेव्हा मात्र मावशींचे क्रियापद बदलले. ‘तिकडं मिलट्रीची मानसं आधी आली म्हनं.’ हे त्यांनी पाहिलेले नव्हते. जे पाहिले त्याला ‘आलं’, ‘पडलं’. जे ऐकले त्याला ‘म्हनं’. शाळा न शिकलेल्या बाईने प्रत्यक्ष आणि ऐकीव यांच्यामध्ये रेघ ओढली होती, आणि ती दोन तासांच्या बोलण्यात कोठे पुसली गेली नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तोंडी साक्ष प्रत्यक्ष पाहणाऱ्याची किंवा ऐकणाऱ्याची हवी असे ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तो दंडक राखला. मराठी बाईच्या व्याकरणात तो कायद्याच्या आधीपासूनच आहे.

आता येथे थोडी मास्तरकी करतो. वाचकांनी फराळाचे ताट हाती असल्यास ते खाली ठेवण्याचे कारण नाही. धाराशिवच्या बसस्थानकावर उभे राहा. तुळजापूरची एसटी आली की नाही हे तुम्हांला सांगावयाचे आहे. घड्याळात वेळ झालेली पाहून तुम्ही म्हणाल, ‘एसटी आली असेल.’ बाकड्यावरची माणसे पिशव्या उचलून एका दिशेने धावताना पाहून म्हणाल, ‘एसटी आली असावी.’ ती कधी चुकतच नाही असा तुमचा अनुभव असला, तर ‘आली असणार.’ कोपऱ्यावरून तिचे टप दिसले तर ‘आलेली दिसते.’ दुसऱ्याने सांगितले तर ‘आली म्हणे.’ आणि दाराशीच उभी असली तर ‘आली की!’ एक एसटी, आणि खात्रीच्या सहा पायऱ्या! त्यांतली एकही चढताना आपल्याला वेगळा शब्द शोधावा लागत नाही. क्रियापदाचे शेपूटच ते काम करते. आता ‘प्रॉबॅब्ली एसटी आली’ हे वाक्य घ्या. ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पण वक्त्याने घड्याळ पाहिले, की धावणारी माणसे पाहिली, की कोणाचे ऐकले, हे त्यातून कळत नाही. कादंबरीकाराला तर नेमके तेच हवे असते! पात्र काय बोलले याहून ते कोठे उभे राहून बोलले, हे त्याला सांगावयाचे असते.

‘म्हणे’ची तर गंमत अशी की, तो दुहेरी हत्यार आहे. ‘ते मोठे साहित्यिक आहेत म्हणे’ या वाक्यात माहिती आहे, आणि स्वर थोडा वर नेला तर चपराकही आहे. वर्तमानपत्रांना हा शब्द हलका वाटू लागला, म्हणून त्यांनी इंग्रजीच्या वळणावर ‘कथित’ घडवला. हल्ली कथित चोर, कथित प्रियकर आणि कथित घोटाळा हे सगळे रांगेने येतात. त्यामागे वकिलाची सावधगिरी आहे हे मी जाणतो. पण सावधगिरीचा शब्द आणि शंकेचा शब्द वेगळा. ‘म्हणे’त माणसाची शंका ऐकू येते, ‘कथित’मध्ये नोटिशीची भीती.

‘लिटरली’ची जी गत झाली, तीच आपल्या ‘अक्षरशः’चीही झाली आहे, हे मात्र कबूल केले पाहिजे. ‘प्रेक्षकांनी त्याला अक्षरशः डोक्यावर घेतले’ हे मराठी वाक्य आहे, आणि त्यात कोणी कोणाला डोक्यावर घेतलेले नसते. इंग्रजांचीही यातून सुटका नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही ‘लिटरली’चा हा उलटा, नुसता जोर देणारा अर्थ नोंदून ठेवला आहे. तेव्हा दोष इंग्रजीचा नव्हे. खरेपणाची हमी देणारा कोणताही शब्द फार वापरला की झिजतो, आणि मग त्याच्या जागी नवा नाणेबंद शब्द आणावा लागतो. आपण तो नाणेघरातून आणतो, म्हणजे ज्याचे राज्य त्याच्या भाषेतून.

आमच्या जिल्ह्याइतके हे दुसरीकडे कोणाला ठाऊक असणार? १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाचे राज्य होते, आणि कचेरीची भाषा उर्दू. शेताचा कागद उर्दूत, दाव्याचा निकाल उर्दूत, शिकलेल्या माणसाची ओळख उर्दूने. माझ्या लहानपणी पाहिलेल्या म्हाताऱ्यांना आपले म्हणणे पक्के करावयाचे झाले की ती ‘बेशक’ म्हणत. आणि फार मागे जाण्याचेही कारण नाही. आपण ज्या शब्दांनी आज अस्सल मराठीत खरेखोटे करतो, ते पाहा : खात्री, दाखला, शाबीत, कबूल, जबानी, इमान, आणि खुद्द ‘अस्सल’सुद्धा! हे सारे फारसी-अरबीकडून आलेले पाहुणे. त्यांच्या आधी साक्ष आणि प्रमाण हे संस्कृतातून आले. सत्याला मोहोर लागते ती दरबारची, आणि भाषाही ती मोहोर दरबारातूनच उसनी आणते. पूर्वी कुणब्याला सही येत नसे, तेव्हा कागदावर त्याच्या नावापुढे नांगराची निशाणी काढीत. मला तर ती निशाणी ‘बेशक’ आणि ‘लिटरली’ या दोहोंहून वजनदार वाटते. कारण ती त्याच्या हातातल्या वस्तूची आहे.

म्हणून भाषाशुद्धीचा झेंडा घेऊन मी निघालो आहे असा कोणी समज करून घेऊ नये. तो मार्ग माधव जूलियनांसारख्या थोर माणसाने चालून पाहिला. १९२५ साली ज्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला, त्यांनीच १९३८ साली ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. त्यांच्या विद्वत्तेपुढे मी नम्र आहे, पण ‘खात्री’ काही मराठीतून गेली नाही. जाण्याचे कारणही नव्हते. तिला आपण विभक्ती लावली, ‘खात्रीने’ केले, ‘खात्रीलायक’ केले, ‘खात्री पटली’ असे क्रियापदाशी तिचे लग्न लावून दिले. ती घरात राबू लागली. ‘लिटरली’ आणि ‘ऑनेस्टली’ अजून उंबऱ्यावर उभे आहेत. त्यांना ना विभक्ती, ना लिंग, ना वाक्यात ठरलेली जागा. ते वाक्याच्या तोंडाशी येतात, शिक्का मारतात आणि निघून जातात. कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसणारे भाड्याचे साक्षीदार असतात ना, तसे. कोणत्याही खटल्यात उभे राहतील. त्यांना फिर्यादीचे गाव ठाऊक असण्याची जरुरी नाही.

आपल्या परंपरेत साक्षीदार पारखून घेण्याची रीत जुनी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ रचले, तेव्हा ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते, त्यांना गाठून त्यांच्या तोंडून आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ, आणि त्याचा पाया कोणी पाहिले, कोणी सांगितले, या प्रश्नावर! न्यायशास्त्राने शब्दाला प्रमाण मानले ते आप्ताच्या, म्हणजे ज्यावर विश्वास ठेवता येतो अशा माणसाच्या. मराठीने पुढे या ‘आप्त’चा अर्थ नातेवाईक असा करून टाकला. आपल्या लोकांना ज्याचे म्हणणे खरे वाटते तो नातलगच असणार, किंवा नातलगाचे म्हणणे खरे मानावेच लागते, यांतले काय घडले कोण जाणे! मोबाइलवर नातलगांकडून रोज जे निरोप येतात, ‘सायंटिफिकली प्रूव्हन’ असा कपाळी टिळा लावून, ते पाहता दुसराच प्रकार खरा वाटतो. हळदीच्या दुधाचा गुण आजी सांगे तेव्हा तिला कोणत्या विद्यापीठाचे नाव घ्यावे लागत नसे. आज तेच दूध परदेशच्या संशोधनातून गाळून आल्याखेरीज नात पीत नाही.

पण हा लेख कादंबरीविषयी आहे, दुधाविषयी नाही.

कादंबरीत खरे वाटणे आणि खरे असणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे ॲरिस्टॉटलच्या काळापासून सांगितले जाते. घडण्याजोगे पण न पटणारे, यापेक्षा न घडण्याजोगे पण पटणारे त्याला कवीच्या हाती अधिक बरे वाटले. भूकंपावर लिहिताना मला याचा रोकडा प्रत्यय आला. मंगरूळला कित्येक दिवसांनंतर एक तान्ही मुलगी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली. हे घडले आहे. मी ते कादंबरीत घातले आणि काढले. कारण तेथे ते लेखकाने रडवण्यासाठी बेतल्यासारखे दिसू लागले. मग ‘बिलीव्ह मी’ असे जोडून पाहिले. त्याने ते अधिकच बेतलेले दिसले. ज्या सत्याला साक्षीदार जोडावा लागतो, त्याविषयी वाचक आधी साक्षीदाराचीच उलटतपासणी घेतो.

मराठी कादंबरीने हा प्रश्न कसा सोडवला हे पाहिले, तर मावशींचे म्हणणे मोठमोठ्यांच्या पंक्तीत जाऊन बसते. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली ती यमूच्या तोंडून. शंभर व्याख्यानांनी जे पटले नसते, ते एका मुलीने आपल्या घरातले बारीकसारीक सांगितल्याने पटले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात माझ्याच जातीचा, म्हणजे मास्तर, धनगरांच्या वाडीवर जातो आणि दिसेल ते सांगतो. तो शपथ घेताना मला कोठे आढळत नाही. मेंढ्या, काठी, वाट, भाकरी. वस्तू इतक्या जागच्या जागी आहेत की माणसांवर अविश्वास दाखवण्याला फट राहत नाही. मी मुलांना मडके काढावयास शिकवतो तेव्हा सांगतो, की मडक्याखाली ‘हे मडके आहे’ असे लिहू नका. त्याची सावली ज्या बाजूला पडते त्या बाजूला पाडा. माडगूळकर मुळात चित्रकार होते, याचे मला नवल वाटत नाही.

‘कोसला’ची गोष्ट निराळी, आणि माझ्या म्हणण्याला ती जरा आडवीही येते. १९६३ साली आलेल्या या कादंबरीत पांडुरंग सांगवीकर इंग्रजी शब्द मोकळेपणी वापरतो; पुण्यात कॉलेजात शिकणारा खानदेशी मुलगा वापरणारच. तरी तो खरा वाटतो. का? मला वाटते, त्याच्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’मुळे. हे दोन शब्द त्याने इतके वापरले की ते त्याचेच होऊन बसले. ते ‘लिटरली’च्या नेमके उलटे काम करतात. ‘लिटरली’ म्हणतो, माझ्या बोलण्यावर शंभर टक्के विश्वास ठेवा. ‘वगैरे’ म्हणतो, ठेवलात तर ठेवा, नाही तर राहिले. जो आपल्या बोलण्याचे वजन स्वतःच कमी करतो, त्याच्यावर आपण का कोण जाणे, लवकर भरवसा ठेवतो.

माझ्या स्नेह्यांचे म्हणणे मात्र याने खोडले जात नाही, हे मी जाणतो. हस्तलिखितावरून आमचे फोनवर बोलणे झाले, तेव्हा ते म्हणाले, ‘अहो मास्तर, आजची मुले असेच बोलतात. तुम्ही त्यांना १९५५ सालात नेऊन बसवणार काय?’ बरोबर आहे. आमच्या शाळेतला सातवीतला मुलगासुद्धा ‘सर, ॲक्च्युअली मी वही आणलीच होती’ असे म्हणतो. पण हे वाक्य मन लावून ऐका. त्याने वही आणलेली नसते. ‘ॲक्च्युअली’ हा शब्द खरे सांगण्यासाठी नव्हे, पुढचे काय सांगावे हे सुचेपर्यंत वेळ काढण्यासाठी आलेला असतो. ‘टू बी फ्रँक’ म्हणणारा पाहुणा पुढच्या वाक्यात हमखास बोचरे बोलतो आणि त्याची जबाबदारी इंग्रजीवर टाकतो. ‘ऑब्व्हियसली’ म्हणणाऱ्याला आपण काही विचारू नये अशी इच्छा असते. म्हणजे हे शब्द निरुपयोगी नाहीत. फार उपयोगी आहेत. फक्त ते जे म्हणतात ते करीत नाहीत. पात्र लपवाछपवी करीत असेल, घाबरलेले असेल, मोठेपणा मिरवीत असेल, तर लेखकाने ते अवश्य वापरावेत, आणि ते इंग्रजीतच वापरावेत. तेथे ‘वास्तविक पाहता’ घातले तर नाटकी होईल. चूक मी केली ती ही की, जेथे मुलगा खरे सांगत होता, तेथे मी ते घातले.

‘कन्व्हिन्सिंग’ या शब्दाविषयीही माझी एक तक्रार आहे. समीक्षेत तो फार सैलपणे फिरतो. २०२० च्या जानेवारीत आमच्या गावी ९३ वे साहित्य संमेलन भरले, तेव्हा पुस्तकांच्या एका गाळ्यावर एक तरुण दुसऱ्याला सांगत होता, ‘अनुभव ऑथेंटिक आहे, पण कन्व्हिन्सिंग नाही.’ मी पुस्तक चाळण्याचे निमित्त करून ऐकत राहिलो. त्याला काय म्हणावयाचे होते? घटना संभवत नाही असे? पात्राला ती शोभत नाही असे? की मला ती पटली, पण भिडली नाही असे? मराठीत या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत, आणि तिन्हींवर लेखकाने करावयाचा इलाज निरनिराळा आहे. पहिलीत घटनेचे कारण आधी पेरावे लागते. दुसरीत औचित्याचा प्रश्न आहे. पात्र पुन्हा पाहावे लागते. तिसरीत बहुधा काही तरी काढून टाकावे लागते. माझ्या समासात ‘संभवत नाही’, ‘शोभत नाही’, ‘भिडत नाही’ असे काही लिहिलेले असते, तर मी ‘लिटरली’ शोधावयास गेलोच नसतो.

तेरचे गोरोबाकाका आमच्या जिल्ह्याचे. सगळी संतमंडळी जमली असता त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले आणि कोणते मडके कच्चे ते सांगितले, अशी आख्यायिका आहे. नामदेवांना राग आला आणि तेच कच्चे ठरले. कीर्तनात हे ऐकताना लहानपणी मला थापटण्याची भीती वाटे. आता वाटते, की त्या मंडळींत कोणीही ‘मी पक्का आहे’ असे सांगितले असते, तरी काकांनी थापटून पाहिलेच असते.

मावशी परत गावी गेल्यावर मी हस्तलिखित पुन्हा काढले. माझे तेरा साक्षीदार एकेक करून उभे केले. बारा जणांना रजा दिली. त्यांच्या जागी काय घालावे हा प्रश्नच नव्हता; बहुतेक ठिकाणी पुढचे वाक्यही कापावे लागले, कारण ते केवळ त्यांच्या आधाराने उभे होते. दोन ठिकाणी मुलाने स्वतः न पाहिलेले मी पाहिल्यासारखे लिहिले होते. तेथे ‘म्हणे’ आला आणि प्रसंग बसला. भिंत पुन्हा नुसती पडली.

तेरावा ठेवला आहे. कादंबरीच्या शेवटी तो मुलगा पुण्याहून आईला फोन करतो. नवे घर घेतले आहे, पाचव्या मजल्यावर. आई विचारते, ‘रात्री झोप लागती का रं?’ तो म्हणतो, ‘ॲक्च्युअली छान लागते, आई.’ हे पान मावशींना अजून ऐकवलेले नाही. भाऊबिजेला त्या येणार आहेत.